दुपार रिकामी ठेवा: जोशुआ ट्री, मोहावे, डेथ व्हॅली आणि झायनची नऊ रात्रींची रोड ट्रिप

डेथ व्हॅलीतला झब्रिस्की पॉइंट आम्ही पहिल्यांदा पाहिला तो दुपारी सव्वा वाजता. पिवळट मातीचे ढिगारे, डोळ्यांवर येणारं ऊन आणि फोटोत सगळंच सपाट. सात मिनिटांत आम्ही परत गाडीत. पुढच्या खेपेस त्याच कठड्याशी सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी जाऊन उभे राहिलो. आधी समोरच्या पॅनामिंट डोंगरांच्या शेंड्यांना गुलाबी रंग चढला, मग तो उतरत उतरत खाली आला आणि त्याच ढिगाऱ्यांमधली घडी न् घडी वेगळी दिसायला लागली. तिथून हलायला तास लागला.

पहिल्या वेळी चुकलं होतं ते वेळापत्रक. सहा दिवसांत सात पार्क कोंबले होते. त्यामुळे रोजची सकाळ आणि संध्याकाळ गाडीत जायची आणि पार्कात पोहोचायचो ते भर दुपारी. वाळवंटात नेमकं उलट हवं. पहाटेपासून दहापर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत बाहेर, मधली दुपार प्रवासाला, जेवणाला आणि झोपेला. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती केली आहे.

चारच जागा का

अमेरिकेच्या नैर्ऋत्येत वाळवंटी पार्कांची रांगच आहे. नकाशा उघडला की हात शिवशिवतात, आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटल रीफ, सगुआरो, सगळंच जवळजवळ वाटतं. तसं ते नाही. आर्चेस आणि कॅन्यनलँड्सचा मोआब परिसर ही स्वतंत्र आठवड्याची सहल आहे. या सहलीच्या शेपटाला ती बांधू नका.

मी सुचवते तो फेरा लास वेगासहून निघून लास वेगासलाच संपतो. भाड्याची गाडी घेतली तिथेच परत करायची, त्यामुळे दुसऱ्या शहरात सोडण्याचा जादा आकार लागत नाही. वाटेत मोहावे नॅशनल प्रिझर्व्ह, जोशुआ ट्री, डेथ व्हॅली आणि शेवटी झायन. मोहावे हे कागदोपत्री नॅशनल पार्क नाही, पण ३१ ऑक्टोबर १९९४ला ज्या कायद्याने जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅलीला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला, त्याच कायद्याने तेही जन्माला आलं. तिथे प्रवेशशुल्क नाही आणि गर्दीही नाही.

रविवारी लास वेगासला पोहोचा. हे मुद्दाम सांगते आहे. जोशुआ ट्री लॉस एंजेलिसपासून जेमतेम अडीच तासांवर आहे आणि शनिवार-रविवारी सगळं शहर तिथे लोटतं. पश्चिमेच्या फाटकाशी गाड्यांची शेपटी लागते. रविवारी उतरलात तर सोमवार-मंगळवारच्या रात्री जोशुआ ट्रीलगतच्या ट्वेंटीनाइन पाम्स गावात, बुधवार ते शुक्रवार डेथ व्हॅलीत आणि शनिवार ते सोमवार झायनच्या दाराशी स्प्रिंगडेलला, असं बसतं. मंगळवारी परत. झायनमध्ये रविवारची गर्दी सोसावी लागते, पण तिथे ती चुकवायची एक युक्ती आहे, ती पुढे येईल.

कधी जायचं

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, किंवा मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळा विसरा. डेथ व्हॅलीत जुलैत दिवसाचं सरासरी कमाल तापमान ४७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीकला ५६.७ अंशांची नोंद झाली, तीच आजवरची जगातली सर्वोच्च अधिकृत नोंद आहे. हौसेने जुलैत जाऊन तिथल्या थर्मामीटरशेजारी फोटो काढणारेही असतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

दोन्ही मोसमांत मी शरद ऋतूच्या बाजूची. वसंतात रानफुलं मिळू शकतात, १९९८, २००५ आणि २०१६ साली डेथ व्हॅली फुलांनी भरून गेली होती, पण तशी वर्षं क्वचित येतात आणि आधीच्या पावसावर अवलंबून असतात. उलट वसंतात झायनमधली व्हर्जिन नदी वितळत्या बर्फाने फुगते आणि नॅरोजची, म्हणजे अरुंद दरीत नदीच्या पात्रातूनच जाणारी, वाट बऱ्याचदा बंद राहते. ऑक्टोबरअखेर नदी शांत असते आणि काठची कॉटनवुडची झाडं पिवळी पडायला लागतात.

शरदातली अडचण एकच, उजेड कमी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग डेथ व्हॅलीत पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. ‘चारपासून अंधार पडेपर्यंत’ मधला वेळ एकदम आक्रसतो. शक्य असेल तर घड्याळ बदलायच्या आधीचा आठवडा पकडा. चंद्रही बघून घ्या. आकाशगंगा हवी असेल तर अमावास्येच्या आसपास, वाळूच्या टेकड्यांवर टॉर्चशिवाय हिंडायचं असेल तर पौर्णिमेच्या.

कपड्यांचं गणित सरासरीवर करू नका. नोव्हेंबरात डेथ व्हॅलीच्या तळाशी दुपारी २५ अंश असतील, त्याच आठवड्यात जोशुआ ट्रीत रात्री पारा ७ पर्यंत उतरतो आणि वारा सुटला तर त्याहूनही बोचतो. टोपी आणि मफलर एकाच पिशवीत.

बुकिंग: आधी काय

सगळ्यात आधी डेथ व्हॅली. पार्क एवढं अवाढव्य, सुमारे ३४ लाख एकर, आणि आत राहायच्या जागा मोजून तीन वस्त्यांत: फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज. आतला मुक्काम महाग पडतो, तरी तिथे तीन रात्री काढा. बाहेर नेव्हाडातल्या बेटी किंवा परम्पला खोली स्वस्त मिळते, पण बेटी फर्नेस क्रीकपासून ४० मैल आणि परम्प ६० मैल. पहाटेच्या अंधारात रोज तासभर गाडी हाणायची ठरवलीत, तर तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपाल. तंबूत राहणाऱ्यांनी फर्नेस क्रीकचं कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी बघावं. त्यानंतर स्प्रिंगडेल, आणि ट्वेंटीनाइन पाम्स सगळ्यात शेवटी. तिथे मधल्या वारी खोली मिळते.

प्रवेशशुल्क दर गाडीमागे सात दिवसांसाठी: जोशुआ ट्री ३० डॉलर, डेथ व्हॅली ३०, झायन ३५. बेरीज ९५. अमेरिकेत राहणाऱ्यांना सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो, म्हणजे या एकाच सहलीत तो वसूल. परदेशातून आलेल्यांसाठी मात्र २०२६पासून तोच पास २५० डॉलरचा झाला आहे. पास नसेल तर झायनसह अकरा गर्दीच्या उद्यानांत १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर आणखी १०० डॉलर पडतात. आईबाबा भारतातून आले असतील तर हा हिशेब तिकिटं काढतानाच करा, फाटकावर नको. आणि कार्ड जवळ ठेवा, डेथ व्हॅलीत प्रवेशशुल्क रोख घेत नाहीत. तिथे बहुतेक रस्त्यांवर फाटकच लागत नाही, पैसे मशिनवर किंवा व्हिजिटर सेंटरमध्ये आपण होऊन भरायचे असतात.

झायनच्या एंजल्स लँडिंगवर चढायचं असेल तर परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. १ एप्रिल २०२२पासून ही सोडत सुरू आहे. एक सोडत मोसमाची, काही महिने आधी, आणि दुसरी आदल्या दिवशीची, जिचा अर्ज दुपारी तीनच्या आत करायचा. अर्जाचे ६ डॉलर परत मिळत नाहीत. नाव लागलं तर माणशी ३ डॉलर आणखी. साखळी धरून अरुंद कड्यावरून जायचं आहे, तेव्हा ज्यांना गच्चीच्या कठड्याशीही गरगरतं त्यांनी नाव लागलं नाही याचा आनंद मानावा.

गाडी ताब्यात घेताना

या फेऱ्यात मुख्य रस्ते सगळे डांबरी आहेत. साधी सेडान पुरते, पण टायर बघून घ्या. आणि काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर न जाता पार्किंगमध्येच डिकी उघडा, खालचा गालिचा उचला आणि स्टेपनी आहे का ते डोळ्यांनी पाहा.

एका वर्षी आम्हाला ‘सगळं आहे’ असं सांगून गाडी दिली. मोहावेतल्या केल्सो ड्यून्सकडे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांकडे, जाणारा शेवटचा तीन मैलांचा रस्ता कच्चा आहे, पन्हाळी पत्र्यासारखा. दात वाजत होते. मध्येच टायरचा हवेचा दिवा लागला म्हणून खाली उतरून डिकी उघडली, तर स्टेपनीच्या खळग्यात फोमचा साचा, त्यात एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली. त्या बाटलीने खिळ्याचं भोक बुजतं. दगडाने टायरची बाजू फाटली असेल तर तिचा काही उपयोग नाही. त्या दिवशी हवाच थोडी कमी होती, निभावलं. तेव्हापासून मी स्टेपनी नसलेली गाडी परत करते, रांगेत पुन्हा उभं राहावं लागलं तरी.

भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. बहुतेक करार असे रस्ते वगळतात, म्हणजे तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. म्हणूनच डेथ व्हॅलीचा रेसट्रॅक यादीतून काढा. तिथल्या कोरड्या तळ्यावर दगड आपोआप सरकल्याच्या रेघा दिसतात. हिवाळ्यात उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो आणि हलक्या वाऱ्याने तो दगडांना ढकलत नेतो, हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून उलगडलं. जागा विलक्षण आहे, यात शंका नाही. पण युबेहेबी क्रेटरपासून सुमारे २७ मैल धारदार खडीचा रस्ता आहे आणि मदत बोलवायला फोनला रेंज नाही. जायचंच असेल तर त्या रस्त्यासाठीच मिळणारी जाड टायरांची जीप एका दिवसासाठी वेगळी घ्या.

पेट्रोलचा नियम सोपा: काटा अर्ध्यावर आला की पुढचा पंप सोडायचा नाही. जोशुआ ट्री आणि मोहावेत आत एकही पंप नाही. डेथ व्हॅलीत आहेत, भाव चांगलेच चढे. परम्प हे नेव्हाडात असल्यामुळे तिथे स्वस्त पडतं.

घाट चढताना इंजिनाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद. तरी उतरला नाही तर काचा खाली करून हीटर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात हे ऐकून लोक वेड्यात काढतात, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर टाकतो. मग थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

पाणी आणि नकाशा

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर. ही चैन नाही, पार्कवालेच हा आकडा सांगतात. दोघं असाल तर गाडीत कायम सहा गॅलन हवेत, तीन दिवसांचा साठा. त्यातले दोन गॅलन डिकीत मागे असे ठेवा की तहान लागली म्हणून कोणी सहज उघडणार नाही. जोशुआ ट्रीच्या मुख्य भागात नळच नाहीत. पाणी मिळतं ते कडेच्या मोजक्या ठिकाणी, ट्वेंटीनाइन पाम्सच्या व्हिजिटर सेंटरपाशी किंवा दक्षिणेला कॉटनवुडला. नुसतं पाणी ढोसत राहू नका, सोबत खारं काहीतरी खा. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, जागच्या जागी वाळतो. शर्टावर पांढरे डाग उठले की समजायचं किती मीठ गेलं ते.

फोनवर गूगलचा नकाशा आणि नॅशनल पार्क सर्व्हिसच्या अ‍ॅपमधली चारही ठिकाणं लास वेगासच्या हॉटेलातच उतरवून घ्या. कागदी नकाशा फाटकावर मिळतो, तो ड्रायव्हरच्या दारात खोचा. फोन ‘जवळचा रस्ता’ म्हणून एखादी कच्ची वाट दाखवेल, तिच्यावर जाऊ नका. जुलै १९९६मध्ये चार जर्मन पर्यटक, त्यात दोन मुलं, डेथ व्हॅलीच्या दक्षिण भागात बेपत्ता झाले. त्यांची भाड्याची व्हॅन टायर फुटलेल्या अवस्थेत ऑक्टोबरमध्ये एका दुर्गम दरीत सापडली, मोठ्या माणसांचे अवशेष सापडायला २००९ उजाडलं. त्या काळात गाडीत नकाशा दाखवणारा फोनही नव्हता. आज तो आहे आणि नेमका तोच माणसाला अशा वाटेवर नेतो. गाडी अडकली तर गाडीपाशीच थांबायचं. वरून शोधणाऱ्याला चालणारा माणूस दिसत नाही, गाडी दिसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घेतलं तर उत्तम. आयफोन १४पासून पुढच्या फोनांत आणीबाणीसाठी ती सोय आहे, ती कशी वापरायची ते घरीच करून बघा.

सोमवार ते बुधवार: मोहावे आणि जोशुआ ट्री

सोमवारी वेगास सोडतानाच टाकी पूर्ण भरा. आय-१५ महामार्गाने निघून सीमा रोडला वळा (होय, तिथे खरंच सीमा नावाचं गाव आहे). पुढे केल्सो, मग दक्षिणेला अंबॉय आणि ट्वेंटीनाइन पाम्स, असे एकूण सुमारे १९० मैल. वाटेत पुरामुळे एखादा रस्ता बंद असतो, म्हणून निघायच्या सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा. सीमा डोमवर काळे सांगाडे दिसतील. ऑगस्ट २०२०मध्ये वीज पडून तिथे वणवा लागला. सुमारे ४३ हजार एकर जळालं आणि अंदाजे १३ लाख जोशुआ झाडं गेली. ही झाडं युक्का या वाळवंटी वनस्पतीच्या जातीतली, फार सावकाश वाढणारी आणि परागीकरणासाठी एका पतंगावर विसंबलेली. त्यामुळे तो डोंगर आपल्या हयातीत पूर्ववत होणार नाही. तरी थांबा, दहा मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी जोशुआ ट्रीत हिरवी झाडं बघताना फरक कळतो.

मंगळवारी अंधारातच निघून उत्तरेच्या फाटकाने चोया कॅक्टस गार्डन गाठा. सूर्य वर आला की हजारो चोया पाठीमागून पेटल्यासारखे दिसतात, आणि हा देखावा वीसेक मिनिटांचा. पण जपून. चोयाचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात. माझ्या दिराच्या पोटरीला एक लागला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “वहिनी, ओढून काढू का?”

“हात लावू नकोस!” मी ओरडलेच, कारण हात लावला की गोळा हाताला चिकटतो, पोटरीचा सुटत नाही. त्यावर उपाय साधा प्लास्टिकचा कंगवा. दात कातडी आणि गोळा यांच्या मधे घालायचे आणि झटक्यात दूर उडवायचं, मात्र समोर कोणी उभं नाही हे बघून. उरलेले काटे चिमट्याने. चिमटा आणि कंगवा प्रथमोपचाराच्या डब्यात नव्हे, खिशात ठेवा.

तिथून परत येताना हिडन व्हॅलीची मैलभराची फेरी करा आणि अकराच्या सुमारास खोलीवर. दुपारी झोप. साडेतीनला पुन्हा निघून बार्कर डॅम आणि सूर्यास्ताला कीज व्ह्यू. स्कल रॉकला मी कधीच पाच मिनिटांपेक्षा जास्त दिली नाहीत. कवटीसारखा दिसणारा खडक आहे, दिसतो, झालं.

बुधवारी पुन्हा अंधारात निघा. केल्सो ड्यून्स तिथून सुमारे ८० मैल, आणि तुमची टाकी आदल्या संध्याकाळी भरलेली असायला हवी. टेकडी सुमारे ६५० फूट उंच. शेवटचा चढ दोन पावलं वर, एक खाली. माथ्यावर धापा टाकत बसलात की दोघातिघांनी एकदम बुड टेकून उतारावरून घसरत जा. वाळू कोरडी असेल तर पोटात जाणवेल असा खोल घुमारा निघतो. आम्ही तीनदा गेलो, दोनदा ऐकू आला.

मग बेकरला पेट्रोल, शोशोनीमार्गे डेथ व्हॅली जंक्शन आणि राज्य मार्ग १९०. फर्नेस क्रीकच्या आधीच डावीकडे दान्तेज व्ह्यूचा फाटा लागतो, तिथे चारच्या सुमाराला चढा. तुम्ही १,६६९ मीटरवर उभे असता आणि थेट पायाखाली बॅडवॉटरचं मिठागर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. वर वारा असतो आणि तळापेक्षा तापमान चौदा-पंधरा अंशांनी कमी. जाकीट मागच्या सीटवरच ठेवा. उतरताना ब्रेकवर पाय दाबून न बसता खालच्या गिअरमध्ये या.

गुरुवार, शुक्रवार: डेथ व्हॅली

गुरुवारी पहाट झब्रिस्कीची, लगेच खाली गोल्डन कॅन्यनमध्ये रेड कॅथेड्रलपर्यंत, जाऊनयेऊन तीन मैल. गरमीच्या दिवसांत सखल भागात दहानंतर चालू नका, असं रेंजर बजावतात. दुपार व्हिजिटर सेंटर आणि खोली. साडेतीनला आर्टिस्ट्स ड्राइव्ह, नऊ मैलांचा एकेरी रस्ता, आणि तिथून बॅडवॉटरला. गाड्या थांबतात तिथलं मीठ पावलांनी चेपून करडं झालेलं असतं. वीस मिनिटं आत चालत गेलं की पांढरे स्वच्छ षट्कोन सुरू होतात. कड्याकडे मागे वळून बघा, समुद्रसपाटीची पाटी भिंतीवर वर कुठेतरी टांगलेली दिसते.

शुक्रवारी मेस्कीट फ्लॅटच्या वाळूत उजाडण्याआधी. रात्रभरात किड्यांच्या, सापांच्या, कोल्ह्यांच्या खुणांनी वाळू लिहून काढलेली असते. आठनंतर त्यावर माणसांची पावलं. मोझेक कॅन्यनला तिथूनच जाता येतं. संध्याकाळ मोकळी सोडा. मी तर या दिवशी काहीच ठरवत नाही.

पाऊस इथे वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर, पण आला की धिंगाणा. २० ऑगस्ट २०२३ला हिलरी वादळात एका दिवसात त्याहून जास्त पडला. पार्क जवळजवळ दोन महिने बंद राहिलं आणि बॅडवॉटरमध्ये तात्पुरतं तळं साठलं. म्हणून एखादा रस्ता बंद दिसला तर अडथळ्याला वळसा घालून जायचं नाही. डांबराखालची माती वाहून गेलेली असते आणि ते वरून दिसत नाही.

शनिवारपासून झायन

फर्नेस क्रीक ते स्प्रिंगडेल सुमारे २८० मैल, पाच तास. शिवाय यूटाचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे सकाळी आठला निघालात तरी पोहोचायला दोन-अडीच वाजतात. परम्पला टाकी भरा.

झायनच्या मुख्य दरीत वसंतापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही, फुकट शटल बस असते. गर्दीवरची युक्ती हीच की गाडी हॉटेलातच ठेवायची आणि पहिल्या बसच्या अर्धा तास आधी रांगेत उभं राहायचं. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळीच भरतं, ते शोधण्यात रविवार घालवू नका. दुपारी बस भरलेल्या असतात, तेव्हा तुम्ही खोलीवर असाल. रविवारची संध्याकाळ पूर्वेच्या बोगद्यापलीकडे कॅन्यन ओव्हरलूकसाठी ठेवा, तिथे स्वतःच्या गाडीने जाता येतं. बोगदा १९३०चा, १.१ मैल लांब, आत दिवे नाहीत. पार्किंग अगदीच थोडं आहे, नाही मिळालं तर पुढे जाऊन वळून या.

सोमवार नॅरोजचा. रिव्हरसाइड वॉक संपतो तिथून नदीतूनच चालायचं. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद करतात. नोव्हेंबरात पाणी हाडं गोठवणारं असतं. स्प्रिंगडेलच्या दुकानांत बूट, काठी आणि जलरोधक पँट भाड्याने मिळते, ती घ्या. पाणी तोंडात जाऊ देऊ नका. २०२०पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळतात.

निघायच्या सकाळी व्हिजिटर सेंटरमधला पुराचा अंदाज वाचा. डोक्यावर निळं आकाश असलं तरी वीस मैल वर पडलेला पाऊस दरीत लोंढा होऊन येतो. १४ सप्टेंबर २०१५ला इथल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच गेले. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, यातलं काहीही दिसलं की सामान टाकून उंचावर चढा.

उन्हाचं एक राहिलं. डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, इथवर सावली, मिठाचं पाणी आणि ओला कपडा पुरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात. त्याला भिजवा, वारा घाला, ९११ला फोन करा, आणि रेंज नसेल तर पहिल्या दिसलेल्या गाडीला थांबवा.

मंगळवारी नेव्हाडाची हद्द ओलांडली की यूटाने घेतलेला तास परत मिळतो. तो आम्ही गाडी धुण्यात घालवतो. बॅडवॉटरचं मीठ आणि केल्सोची वाळू पायपुसण्यांखाली, सीटच्या रुळांत, कुठे कुठे सापडते. पंपावरच्या व्हॅक्यूमला क्वार्टरची नाणी लागतात, म्हणून दहा दिवस जपलेली चिल्लर डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. मग काट्यासकट डॅशबोर्डचा आणि चारही टायरांचा फोटो काढायचा आणि किल्ली द्यायची.